वसीयत लिहिण्याआधी सातबारा वाचा

बाबांची वसीयत आम्हाला कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत सापडली. वहीचा रेघांचा कागद, चार घड्या पडलेला. वर तारीख, मग त्यांच्या तिरप्या अक्षरातला मजकूर, खाली सही. त्याखाली 'साक्षीदार १' आणि शेजारच्या काकांची सही. त्याखाली 'साक्षीदार २', आणि पुढे कोरी जागा.

त्या कोऱ्या जागेपायी माझ्या विधवा आत्याचं विहिरीजवळचं एक एकर वावर गेलं. वीस वर्षं तिनं ते वावर निंदलं, तिथली पऱ्हाटी वेचली. बाबांनी ते तिच्या नावानं लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी दुसरे साक्षीदार बाजाराला गेले होते, म्हणून उद्या सही घेऊ असं ठरलं आणि ते राहूनच गेलं. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. एकाच्या सहीवर वसीयत धरली जात नाही. मग जमीन आई आणि आम्ही तीन भावंडं यांच्यात सारखी वाटली गेली. बहीण म्हणून आत्याचा त्यात कायद्यानं वाटा नव्हता. विहिरीजवळचा तुकडा ज्याच्या हिश्शात गेला, त्याची द्यायची तयारी नव्हती. आत्या आता माझ्याकडे राहते.

पुढे आईची वसीयत केली तेव्हा मात्र पटवाऱ्यापासून रजिस्ट्रीपर्यंत सगळं नीट करून घेतलं. त्या दोन अनुभवांतून जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते. आपल्याकडे लोक वसीयत म्हणतात, कागदावर मृत्युपत्र लिहितात. दोन्ही एकच.

१. सुरुवात पटवाऱ्याकडून करा

बहुतेक लोक आधी वकील गाठतात. माझं सांगणं आहे, आधी पटवारी गाठा. (सरकारनं तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण गावात पटवारी म्हटलं की सगळ्यांना कळतं.) कारण आपल्याकडे निम्मी भांडणं वसीयतीत नसतात, सातबाऱ्यात असतात. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव. किंवा 'सामायिक' म्हणून काका, आत्या, चुलतभाऊ अशी सात-आठ नावं, त्यातली तीन मयत. अशा जमिनीवर बाबांनी 'उत्तरेकडचे तीन एकर मोठ्याला, दक्षिणेकडचे धाकट्याला' असं लिहून ठेवलं तर ते तीन एकर नेमके कोणाचे, यावरच कोर्टात वर्षं जातात.

म्हणून हे कागद काढा:

– प्रत्येक वावराचा ताजा सातबारा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो.
– आठ-अ, म्हणजे तुमच्या खात्यावर त्या गावात एकूण किती जमीन आहे त्याचा उतारा.
– जमीन तुमच्या नावावर कशी आली तो फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद. सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, त्यावरून जुनी नक्कल मागता येते.
– घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ. हा कराचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन सनद किंवा मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर तेही घ्या. तालुक्याच्या गावात प्लॉट असेल तर आखीव पत्रिका.

सातबारा हातात आला की तीन जागा बोट ठेवून वाचा. पहिली, तुमचं नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का. आईच्या सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव निघालं होतं, ते दुरुस्त करायलाच दोन महिने गेले. दुसरी जागा भूधारणा पद्धतीची. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर बरं. 'वर्ग २' असेल तर ती जमीन सरकारनं अटीवर दिलेली असते, तिच्याबद्दल तहसीलमध्ये विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. तिसरी जागा 'इतर अधिकार'. सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, तिथं दिसतो. वसीयतीनं जमीन पुढच्याला जाते ती बोजासकट जाते, हे घेणाऱ्यालाही आधीच माहीत हवं.

मयताचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातून 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली, ती याच कामासाठी. मोहिमेत राहून गेलं असेल तरी वारस नोंदीचा अर्ज पटवाऱ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून केव्हाही करता येतो. सामायिक खातं असेल आणि सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी करून खातं वेगळं करा. राजी नसतील तर निदान वसीयतीत धुऱ्याचा, म्हणजे बांधाच्या हद्दीचा, उल्लेख टाळा आणि 'सामायिक खात्यातला माझा संपूर्ण हिस्सा' असं लिहा.

२. तुमचं किती आहे ते ठरवा

स्वतःच्या कमाईनं घेतलेलं वावर, घर, सोनं, बँकेतला पैसा हे तुम्ही वाटेल त्याला देऊ शकता, अगदी परक्यालाही. पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर तिच्यातला तुमचा जो हिस्सा निघतो, तेवढ्याचीच वसीयत करता येते. बाप सगळ्या जमिनीचा मालक आहे असं समजून कागद केला, तर मुलाच्या आणि मुलीच्या हिश्शापुरता तो टिकणार नाही.

मुलीच्या हिश्शापुरता, हे मुद्दाम लिहिते. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगीही मुलासारखीच जन्मानं वाटेकरी झाली. त्या तारखेला बाप जिवंत असला पाहिजे का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला: जिवंत असायची गरज नाही. 'लग्नात खर्च केला, आता तिचं काय राहिलं' असं गावात म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. बहिणीला स्वखुशीनं हिस्सा सोडायचा असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र होतं, आणि ते समजून-उमजून झालं पाहिजे. राखीच्या दिवशी घाईत अंगठा घेऊन नको.

वसीयतच केली नाही तर काय होतं? हिंदू पुरुषाची मालमत्ता बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई यांच्यात सारखी जाते. हाच कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. ज्या बाईला मूलबाळ नाही आणि नवरा गेला आहे, तिनं मात्र वसीयत नक्की करावी. ती न करता गेली तर नवऱ्याकडून आलेलं आणि तिचं स्वकष्टाचंसुद्धा आधी सासरच्या वारसांकडे जातं, माहेरून वारशानं आलेलं तेवढं माहेरी परत जातं. शेवटपर्यंत सांभाळणारी भाची किंवा पुतण्या यांचा नंबर त्यात लागेलच असं नाही. आत्याच्या नावावर आता पोस्टातली थोडी रक्कम आणि दोन बांगड्या आहेत. तिचीही वसीयत मी करून घेतली, आणि ती माझ्या नावानं करू नको असं तिला बजावलं, कारण ती माझ्याच घरात राहते आणि उद्या कोणी बोट दाखवायला नको.

काही ठिकाणी हे नियम बदलतात. मुस्लिम व्यक्तीला अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा करून उरलेल्याच्या एक तृतीयांशाचीच वसीयत करता येते, त्याहून जास्तीला वारसांची संमती लागते. गोंड, कोरकू, कोलाम, माडिया अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथं रूढीचा प्रश्न येतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला कायद्याची आडकाठी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट भागात ज्यांना वनहक्काचा पट्टा मिळाला आहे, त्यांची ती जमीन वारसांना जाते, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. अशा घरांनी आधी वकिलाशी बोलावं.

३. कोणाला काय, हे घरात बोला

वसीयत गुप्त ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. पण शक्य असेल तिथं बोलून घ्या, असं मी म्हणेन. आईनं आम्हाला तिघांना एका रात्री जेवणानंतर बसवलं आणि सांगितलं, "मी हाये तवर वावर माझं. मांग कोणाले काय, ते आजच आयका. मांगून एकमेकाच्या तोंडाकडे पाहाची पाळी नको." कोणाला पटलं, कोणाला नाही. पण जे काही बोलायचं ते तिच्यासमोर बोलून झालं.

एखाद्याला कमी देत असाल किंवा वगळत असाल तर कारण लिहा. 'थोरल्याला नोकरीसाठी व घर बांधायला मी पैसा दिला आहे, म्हणून शेतीत हिस्सा देत नाही' हे एक वाक्य कोर्टात मोठं काम करतं. काहीच न लिहिता वगळलं की 'बुढ्याला भुलवून लिहून घेतलं' असं म्हणायला वाव राहतो.

बायकोचा विचार सर्वात आधी करा. 'मुलं सांभाळतील' यावर तिला सोडू नका. इथं एक फसगत फार होते. 'पत्नीने हयातीपर्यंत वहिवाट करावी, नंतर मुलांना मिळावे' असं लिहिलं तर तिला फक्त खाण्यापुरता हक्क मिळतो, गरजेला ती एक गुंठाही विकू शकत नाही. तसंच हवं असेल तर तसं लिहा. पण तिला पूर्ण मालकी द्यायची असेल तर 'पूर्ण मालकी हक्काने' हे शब्द कागदात आलेच पाहिजेत. वसीयतीची वाट न पाहता जिवंतपणीच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावणारेही आपल्या भागात आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली तेव्हा कितीतरी कास्तकारांनी ते केलं होतं.

४. कागद लिहा

स्टँप पेपर लागत नाही. साधा कोरा कागद चालतो. हातानं लिहा किंवा टाइप करा, मराठीतच लिहा. ज्याची वसीयत आहे त्याला कळेल अशी भाषा पाहिजे. सुरुवात अशी करता येईल:

'मी, (पूर्ण नाव), वय ७१ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजा …, तालुका …, जिल्हा …, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी केलेले कोणतेही मृत्युपत्र मी रद्द करत आहे.'

मग वारसांची नावं, वय आणि नातं. मग मालमत्तेची यादी. वावर लिहिताना 'नाल्याकाठचं', 'बोरीचं वावर' असं लिहून भागत नाही. मौजा, गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि चारी बाजूंच्या सीमा सातबाऱ्यावरून उतरवा. आपण एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक एकर म्हणजे साधारण ०.४० हेक्टर, म्हणजेच ४० आर. इथं चूक झाली की फेरफार अडतो. विहीर, बोअर, मोटरपंपाचं कनेक्शन, कोठा, ढोरं, बंडी, ट्रॅक्टर, संत्र्याची झाडं, हे सगळं कोणाकडे जाणार तेही लिहा. विहीर एकाच्या हिश्शात आणि पाणी दोघांना द्यायचं असेल तर पाण्याच्या पाळ्या आणि पाईपलाईनची वाट लिहा. वहिवाटीचा रस्ताही. आमच्या गावात दोन सख्खे भाऊ पांदणीवरून बोलत नाहीत, तिथं जमीन बरोबर अर्धी-अर्धी वाटलेली आहे.

फार बारीक तुकडेही पाडू नका. तुकडेबंदीचा कायदा आहे, आणि अर्ध्या एकरात पीक उभं राहिलं तरी घर उभं राहत नाही.

तीन ओळी लोक हमखास विसरतात. एक: ज्याला दिलं तो माझ्याआधी गेला तर त्याचा हिस्सा कोणाला. दोन: वर न लिहिलेली बाकी सगळी मालमत्ता कोणाला. तीन: वसीयतीची अंमलबजावणी कोण करील, म्हणजे कागद घेऊन पटवारी, बँक, तहसील इथं फिरणारा भरवशाचा माणूस कोण.

प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा. खाडाखोड झाली तर तिथंही सही. त्यापेक्षा पान पुन्हा लिहिलेलं चांगलं.

५. साक्षीदार: इथं चुकू नका

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ सांगतं की वसीयत करणाऱ्यानं सही किंवा अंगठा करावा, आणि कमीत कमी दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. मग प्रत्येक साक्षीदारानं त्याच्यासमोर सही करावी. दोघं एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. म्हणजे बाबांचे दुसरे साक्षीदार संध्याकाळी बाजारातून परत आल्यावरही सही करू शकले असते. हे मला नंतर कळलं, आणि अजूनही ते मनातून जात नाही.

साक्षीदार निवडताना:

– ज्याला वसीयतीत काही मिळणार आहे त्याला, त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला साक्षीदार करू नका.
– तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि तब्येतीनं धड माणूस घ्या. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. सत्तर वर्षांच्या बापाचे दोन साक्षीदार पंचाहत्तरचे असून काय उपयोग?
– गावात राहणारा, पत्ता न बदलणारा. शाळेचे मास्तर, दुकानदार, ओळखीचे डॉक्टर.
– साक्षीदारानं सगळा मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. त्यानं सही पाहायची असते.

अंगठा करणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक: कागद कोणी लिहिला त्याचं नाव, आणि 'वाचून दाखवला, समजला, मान्य आहे' ही ओळ पाहिजेच.

ज्याला जास्त मिळणार आहे त्यानंच वकील आणायचा, त्यानंच गाडी करायची, त्यानंच साक्षीदार बोलवायचे, असं होऊ देऊ नका. अशा वसीयतीकडे कोर्ट संशयानं पाहतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ सालीच सांगून ठेवलं आहे. आईला रजिस्ट्रीत मी नेलं नाही. माझा वाटा त्यात होता, म्हणून शेजारचे काका घेऊन गेले.

६. डॉक्टरचा दाखला

वसीयत करणारा शुद्धीत आणि समजत्या मनाचा पाहिजे. वय झालं असेल, लकवा मारून गेला असेल, ऐकायला-दिसायला कमी असेल, तर त्याच दिवशीचा किंवा एक-दोन दिवसांतला डॉक्टरचा दाखला घ्या. 'व्यक्ती तपासली, मानसिकदृष्ट्या सक्षम आहे, आपला व्यवहार समजते' असा मजकूर, तारीख, शिक्का, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. कायद्यानं तो सक्तीचा नाही, पण आपल्याकडे पहिला आरोप 'डोकं ठिकाणावर नव्हतं' हाच होतो. दवाखान्यात सलाईन लागलेलं असताना कागद पुढं करणं टाळा. चालत्या-बोलत्या माणसाची वसीयत सगळ्यात भक्कम.

७. रजिस्ट्री

वसीयत रजिस्टर करणं सक्तीचं नाही. साधी वसीयतही कायदेशीर आहे. आणि आपल्या विदर्भात वसीयतीवर कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे वसीयत खरी असल्याचा दाखला, आणायची सक्तीही नाही. तरी रजिस्टर कराच, कारण कागद हरवत नाही, फाटत नाही, आणि माणूस स्वतः आला होता याचा फोटो आणि अंगठा सरकारकडे राहतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी १०० रुपये, वर पानांप्रमाणे दस्त हाताळणीचे पैसे. वकील किंवा अर्जनवीस लिहून देण्याचे वेगळे घेईल, ते आधी ठरवून घ्या. आम्हाला बाहेर बसलेल्या एकानं 'वसीयतीला जमिनीच्या किमतीवर टक्का लागतो' असं सांगून मोठी रक्कम मागितली होती. असं कोणी म्हटलं तर तिथून उठा आणि आत कार्यालयात विचारा.

नेण्याचे कागद: मूळ वसीयत आणि तिची प्रत, करणाऱ्याचं आधार व पॅन असेल तर पॅन, दोन्ही साक्षीदार प्रत्यक्ष आणि त्यांचे आधार, सातबारा व आठ-अ, घराचा उतारा, डॉक्टरचा दाखला. वसीयतीला तालुक्याचंच दुय्यम निबंधक कार्यालय (रजिस्ट्री ऑफिस) पाहिजे असं नाही, दुसरीकडेही होते. लग्नसराईच्या आणि पेरणीच्या आधीच्या दिवसांत गर्दी असते, सर्व्हर बंद पडतो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन सकाळीच पोचा, सोबत पाणी आणि डबा ठेवा.

आईची पाळी आली तेव्हा साहेबांनी बाकी सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं आणि तिला विचारलं, "आजी, हे काय करून राहिल्या, माहीत आहे का?" आई म्हणाली, "हाव. माझ्या मांग माझं वावर कोणाले, ते लिवलं हाये." "कोणी जबरदस्ती केली?" "माझ्यावर कोण जबरदस्ती करते जी?" मग फोटो झाला. अंगठ्याच्या मशीनवर तिचा अंगठा उठेना. चाळीस वर्षं कापूस वेचून रेघा गेल्या होत्या. ओल्या फडक्यानं पुसून, दुसरं बोट लावून, पाचव्यांदा उठला. तुमच्या घरच्यांचंही असं होऊ शकतं. आदल्या दिवशी हाताला खोबरेल लावून ठेवा आणि घाबरू देऊ नका.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अर्ज आणि फी भरून अधिकाऱ्याला घरी बोलवता येतं. मजकूर कोणालाच दाखवायचा नसेल तर बंद पाकिटात जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. आणि रजिस्टर केलेल्या वसीयतीची नक्कल, करणारा जिवंत असेपर्यंत, तो किंवा त्यानं नेमलेला माणूस सोडून दुसऱ्या कोणाला मिळत नाही. ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते म्हणून सांगते.

८. ठेवायची कुठं, बदलायची कशी

मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, वाळवी आणि पावसापासून दूर. एका भरवशाच्या माणसाला जागा सांगून ठेवा. एकट्याच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका, तो उघडायलाच कागद लागतात.

वसीयत जिवंतपणी कितीही वेळा बदलता येते. शेवटची खरी धरतात, मग आधीची रजिस्टर असली आणि नंतरची साधी असली तरी. म्हणून जमीन विकली, सून-जावई बदलले, नातवंडं झाली की कागद काढून वाचा. नवीन केलीत तर तीही रजिस्टर करा आणि जुनीचा दस्त नंबर लिहून ती रद्द करा.

९. बँक, सोसायटी, पोस्ट

जिल्हा बँक, सेवा सहकारी सोसायटीचे शेअर्स, पोस्टातली ठेव, सगळीकडे नॉमिनी लावा. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँकेनं पैसा कोणाच्या हातात द्यायचा तेवढंच त्यानं ठरतं, खरा हक्क वसीयतीप्रमाणे नाहीतर वारसांचा. त्यामुळे वसीयतीत एक नाव आणि नॉमिनी दुसरंच, असं ठेवू नका. नवरा-बायकोनं खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं जोडून घेतलं तर मागं राहिलेल्याला घरखर्चाला हात पसरावे लागत नाहीत.

१०. जिवंतपणीच नावावर करून द्यायचं?

मुलगा म्हणतो, "आता माझ्या नावानं करून द्या, कर्ज काढायचं आहे." बक्षीसपत्रानं ते होतं. मुलगा, मुलगी, बायको, नातवंडं यांना शेती किंवा राहतं घर द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये आहे, बाकीचे कर-शुल्क वेगळे. स्वस्त आहे म्हणूनच लोक फसतात. वसीयत बदलता येते, बक्षीसपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

द्यायचंच असेल तर 'घेणाऱ्याने मला व माझ्या पत्नीला आयुष्यभर अन्न, वस्त्र, औषधपाणी व राहायला जागा द्यावी, या अटीवर' असं त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, ही अट मोडली तर साठीच्या पुढच्या आईबापाला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाऊन तो कागद रद्द करून मागता येतो. पोटगीही तिथंच मागता येते. घरात हाल होत असतील तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिच्यावर बोला. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

११. मुखत्यारपत्र आणि शेवटचं आजारपण

पुण्या-मुंबईला मुलाकडे जाणारे म्हातारे वावराच्या कामासाठी गावात कोणाला मुखत्यारपत्र देऊन जातात. विक्रीचा अधिकार त्यात आहे का, ते ओळ-ओळ वाचा. पीककर्ज, सातबारा, मोजणी एवढंच काम असेल तर तेवढंच लिहा. आणि देणारा गेला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. 'बाबांचं मुखत्यारपत्र आहे माझ्याकडं' म्हणून त्यांच्यामागं केलेला व्यवहार चालत नाही.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर लावू नये, अशी इच्छा असेल तर तिचा वेगळा कागद होतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. ही इच्छा, किंवा सेवाग्रामसारख्या मेडिकल कॉलेजला देहदान करायची इच्छा, फक्त वसीयतीत लिहून ठेवू नका. वसीयत तेराव्यानंतर उघडते.

१२. माणूस गेल्यावर

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. मग वसीयत, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते घेऊन पटवाऱ्याकडे फेरफाराचा अर्ज. कायद्यानं ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. अर्जाची पोच घ्याच.

पटवारी वारसांना नोटीस काढतो. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. वसीयतीत कोणाला कमी मिळालं असलं तरी त्यालाही नोटीस जाते, त्याचा खरा पत्ता लपवू नका. त्यावरून पुढं फेरफार रद्द होतो. हरकत आली तर मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात, तो पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकीचा वाद कायमचा मिटला असं नाही, तो अधिकार दिवाणी कोर्टाचा आहे.

कोर्टाची पाळी आली आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल, तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००. आत्याच्या वेळी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.